बेकरीच्या गाडीचा वास

हे मी आजवर कोणाजवळ बोललेली नाही. बहिणीजवळ नाही, मुलीजवळ नाही. देवापुढं बसते तेव्हासुद्धा एवढं एक सोडून बाकीचं सगळं सांगते — जसं काही त्याला दिसलंच नसेल. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसले तर तेही खरं नाही. सकाळपासून दोनदा उठून ओटा पुसून आले.

माझा नवरा बेकरीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. भल्या पहाटे अमरावतीहून निघायचं, वलगाव, दर्यापूर करत अकोल्यापर्यंत दुकानादुकानांत पाव, खारी, टोस्ट टाकत जायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं. सव्वीस वर्षं हेच. मी त्यांना प्रीतीचे बाबा म्हणते, इथंही तेच म्हणेन. प्रीती आमची एकुलती एक, अकोल्यात दिलेली. मी घरी पिको-फॉलची कामं करते. हात चालतात तोवर करेन.

डबा मी भरायची. स्टीलचा, एकावर एक चार ताळी, एका बाजूनं चेपलेला. तो डबा कुठं खाल्ला जातो हे मला तोंडपाठ होतं आणि मी ते कधी बघितलेलं नव्हतं. दर्यापूरच्या पुढं, पूर्णेचा पूल यायच्या आधी, रस्त्याच्या कडेला एक मोठा निंब आहे. त्याखाली बसायला सपाट दगड. जवळच हापशी. जेवण होत आलं की बांधावरून एक मुंगूस येतं आणि भाकरीच्या तुकड्यासाठी थांबतं. हे सगळं मला ते सांगायचे, हातपाय धुऊन चहा पिताना. डब्याच्या झाकणात कधी निंबाची काडी सापडायची, कधी वाळलेला मोहोर. मी तो लगेच फेकत नसे. तुम्ही हसाल, पण माझ्यासाठी तेवढाच काय तो प्रवास होता. आमचं फिरणं म्हणजे लग्नकार्यं आणि मयती, आणि त्यातही हे नेहमी गाडीवर.

आणि वास. त्यांच्या अंगाला टोस्टचा वास यायचा. भाजलेल्या रव्याचा, वेलचीचा, थोडा तुपकट. कपडे धुतले तरी शर्टाच्या कॉलरला राहायचा. आमच्या गल्लीतल्या बायका मला चिडवायच्या, तुझा नवरा चहात बुडवून खाता येईल म्हणायच्या. मी लटकं रागवायची. मला तो वास आवडायचा. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगायचं आहे ते त्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

ते रिटायर झाले तेव्हा गाडीही रिटायर झाली. मालक ती भंगारात घालणार होते, यांनी मागून घेतली. लोकांना निरोपाला घड्याळ मिळतं, शाल मिळते. आम्हाला बंद बॉडीचा मिनीट्रक मिळाला. घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर तो उभा राहिला तेव्हा मी कपाळाला हात लावला.

“हे काय धूड आणलं?”

“धूड नाई वं,” ते म्हणाले. “घर हाये थे. फिरतं घर. पयला मुक्काम निंबाखाली. तू अन् मी, दोघंच. तिथं बसून तुह्या हातचा डबा खाऊ.”

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि या माणसानं पहिल्यांदा ‘दोघंच’ म्हटलं होतं.

पुढची दोन वर्षं — मी खरंच सांगते — माझ्या संसारातली सगळ्यात चांगली. पावाचे ट्रे ठेवायच्या लोखंडी मांडण्या त्यांनी कापल्या आणि त्यांचाच पलंग केला. पलंगाची फळी उचलली की खाली पेटी, त्यात भांडी. पत्र्याला भोकं पाडून भंगारातून आणलेल्या एसटीच्या खिडक्या बसवल्या, सरकवायच्या. एका खिडकीवर सीट नंबर तसाच राहिला होता. तो त्यांनी पुसू दिला नाही. जुन्या सोफ्याचा फोम, शेजाऱ्यांच्या किचनमधून उरलेली सनमाइका, पाण्याच्या ड्रमला नळ, मागच्या दाराला घडीची पायरी. ते आत वाकून काम करायचे आणि मी बाहेर स्टुलावर बसून स्क्रू द्यायची. माझ्या दोन सुती साड्यांचे पडदे केले — एक जांभळी, एक डाळिंबी. गाडीच्या कागदांसाठी ते चार ऑफिसांत किती चकरा मारून आले, पण कधी वैतागले नाहीत. बाहेरून पांढरा रंग दिला तरी उन्हं तिरपी पडली की खालची अक्षरं दिसायची, ‘ताजे पाव, खारी, टोस्ट’. लोक जाता-येता विचारायचे, “काय भाऊ, फिरती खानावळ काढता काय?” हे म्हणायचे, “हो. एकच गिऱ्हाईक हाये.” आणि माझ्याकडं बघायचे.

आता इथं यायचं मी टाळते आहे. पडद्यांच्या रंगापर्यंत सगळं सांगून झालं, आणि मुद्द्याचं अजून नाही.

गाडी पूर्ण झाली त्या उन्हाळ्यात अधिक महिना आला. धोंडा. तुम्हाला ठाऊकच आहे, तीन वर्षांतून एकदा येतो आणि जावयांना डोक्यावर बसवून जातो. प्रीतीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. जावई नितीन, त्याचे आईवडील, आमच्याकडची चार माणसं असे सगळे जमले. मी दोन दिवस अनारसे तळत होते. वाणाचं ताट भरलं, दिवा लावला, जावयाला वाण दिलं, औक्षण झालं. जेवणं व्हायची होती. नितीन हसत म्हणाला, “बाबा, तुमची गाडी नुसती पाहाचीच काय? आमाले चक्कर तरी मारून आणा.”

आणि यांनी सगळ्यांसमोर मांडीवर थाप मारली. “काहून नाई? पयला मान जावयाचाच!”

मी पुरण वाटत होते. हात थांबला. मला वाटलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतील. मग यांची हाक आली — डबा भर, मोठा भर, जेवण रस्त्यातच करू, व्याहीबुवांनाही येऊ दे, विहीणबाईंनाही येऊ दे. मी दारात आले. मी काय म्हणाले माहीत आहे? “मीही येते.” एवढंच, हळू आवाजात. ते गडबडीत होते. “घरी पाहुणे हायेत ना वं, तू कुठं येतं?” म्हणाले, आणि माझ्या हातातला डबा घेऊन गेले. तोच, चेपलेला.

तीन तासांनी फोनवर फोटो आले. एकामागून एक. निंब — मी तो बघताक्षणी ओळखला. हापशी. आणि सपाट दगडावर, माझ्या पडद्यांच्या उरलेल्या कापडातून मी शिवलेली गादी टाकून, त्यावर आमच्या विहीणबाई. मांडीवर माझ्या डब्याचं ताळं. मागं प्रीतीचे बाबा उभे, कमरेवर हात ठेवून, हसत.

संध्याकाळी सगळे परत आले. विहीणबाई मनानं वाईट नाहीत, हेही लिहायला हवं. त्या खुशीत होत्या. माझ्या हाताला धरून म्हणाल्या, “काय जागा हाये वो! मुंगूसबी आलं होतं. तुमी तर लय वेळा गेल्या असान?”

मी म्हटलं, “नाही.”

“अवो बाई! इतक्या वर्सांत पायलीच नाई?”

सगळे हसले. हेही हसले. मी डबा घासायला घेतला. झाकणात निंबाचं पान होतं, ते मी नाल्यात टाकलं.

दगा दिला, असं मला वाटलं. शब्द मोठा आहे, पण दुसरा सापडत नाही. त्यांना काही कळलंच नाही, हे तर त्याहून लागलं. निजायच्या आधी मला म्हणाले, “बरं झालं, गाडीची ट्रायल झाली. आता आठ दिवसांनं आपण जाऊ.” ट्रायल! मी भिंतीकडं तोंड केलं. तेव्हाच उठून बसायला हवं होतं, चार शब्द सुनावायला हवे होते, रडायलाही हरकत नव्हती. ते ऐकणारे गृहस्थ होते. मग का नाही बोलले? मला वाटायचं की त्यांना आपोआप कळावं. आणि त्यांना कळत नाही तोवर मी त्यांना काहीही देणार नव्हते, माझं दुःखसुद्धा नाही.

आठ दिवसांनी आम्ही निघालो. सकाळची वेळ, तरी पत्रा तापायला लागला होता. आणि तापल्यावर त्या गाडीच्या लाकडातून तो वास यायला लागला — टोस्टचा, वेलचीचा, सव्वीस वर्षं मुरलेला. मी पुढं त्यांच्या शेजारी बसले होते. ते गुणगुणत होते. मला एकदम वाटलं, आता ते तिथं नेतील, दगड दाखवतील, हापशी दाखवतील, आणि मी पहिल्यांदा बघितल्यासारखं करायचं. विहीणबाईंच्या उष्ट्या जागी बसायचं. वलगाव मागं पडलं आणि मी म्हटलं, “थांबवा. मले कसंतरी होऊन राह्यलं.”

मला काहीही होत नव्हतं. खोटं होतं. बसमध्ये, जीपमध्ये, घाटातसुद्धा मला कधी गाडी लागलेली नाही.

त्यांनी घाईनं गाडी कडेला घेतली. मी उतरले, गाडीच्या मागं गेले, आणि त्यांना खरं वाटावं म्हणून घशात बोट घातलं. हो, तेही केलं. ते पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. मग पाणी दिलं. “काहून वं, काय झालं?” मी म्हटलं, या गाडीला वास येतो, बेकरीचा, माझ्या डोक्यात जातो.

हे शब्द तोंडातून कसे आले? मी विचार करून ठेवलेले नव्हते. पण आले ते नेमके तिथंच लागतील असे आले.

आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवसापासून ते वासाच्या मागं लागले. धुण्याच्या सोड्यानं सगळी गाडी घासली. मग चुन्यानं. मग पलंगाखालचं सगळं प्लाय काढून नवीन बसवलं. एका कोपऱ्यात कापूर, एका कोपऱ्यात लिंबं. छताला हवा खेळायला झरोका पाडला. गाडी कमी हलावी म्हणून मागचे पाटे बदलून आणले. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी त्या पत्र्याच्या खोक्यात दिवसदिवस ओणवे. आणि मी बाहेर त्याच स्टुलावर बसून स्क्रू देत होते. मला बघून कोणी म्हटलं असतं, काय बाई नवऱ्याला मदत करते! मी आत डोकावून हुंगायची आणि म्हणायची — “आहे अजून.”

बरं वाटायचं का मला? वाटायचं. खोटं कशाला सांगू. त्यांचा चेहरा उतरला की माझ्या छातीत काहीतरी थंड व्हायचं. नंतर स्वयंपाकघरात जाऊन मीच रडायची, पण बाहेर येऊन ‘आता नाही येत वास’ असं एकदाही म्हटलं नाही. दुसऱ्यांदा निघालो, पावसाळ्यात. पुन्हा तेच नाटक, तीच जागा, तेच बोट.

तिसऱ्यांदा निघालो ते दसऱ्यानंतर. हवा छान होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. या वेळी मी जरा लांबवर जाऊ दिलं, दर्यापूर मागं टाकलं. पुढं निंब किती लांब होता मला ठाऊक नाही. कदाचित दिसायच्या बेतात असेल. आणि मला भीती वाटली — तो दिसला तर माझा राग टिकणार नाही. राग गेला तर इतके महिने मी या माणसाशी काय केलं, ते तेवढं समोर उरेल. मी म्हटलं, थांबवा.

बांधाआड जाऊन आले तेव्हा ते मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते. हातातली पाण्याची बाटली त्यांनी मला दिली. समोर शेतात बाया कापूस वेचत होत्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

“एक इचारू काय? खरं सांगशीन?”

“इचारा.”

“हा वास तर माह्या अंगालेबी येत असन. इतके वर्स. रोज त्याच कपड्यानं घरी येत होतो मी. तवाबी तुले असंच होत होतं काय?”

इथंच. हेच सांगायला बसले होते मी. बाकीचं सगळं — घशातलं बोट, सोडा, चुना — ते सगळं मी एखाद वेळी तुमच्याशी हसून बोलू शकले असते. नवराबायकोचं भांडण, दुसरं काय. पण त्या पायरीवर त्यांनी मला सरळ विचारलं. मी ‘नाही’ म्हणू शकत होते. मी म्हणू शकत होते, अहो, तुमच्या शर्टाची घडी करताना मी तो नाकाला लावायची. ते खरं होतं. फार सोपं होतं.

मी ‘हो’ म्हटलं.

त्यांनी आपले दोन्ही तळहात उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाले, “सांगाचं तरी होतं वं,” — रागानं नाही. लाजल्यासारखे म्हणाले. साठी उलटलेला माणूस, माझ्यासमोर लाजत होता. उठले, पायरी घडी केली, गाडी वळवली. खिडकीच्या काचा दोन्हीकडच्या पूर्ण खाली घेतल्या आणि घरापर्यंत माझ्यापासून जरा सरकून बसले. ड्रायव्हरच्या सीटवर सरकायला जागा असते किती? तेवढीच, पण ते सरकले.

त्या संध्याकाळी त्यांनी दोनदा अंघोळ केली.

गाडी त्यांनी मोर्शीच्या एका संत्रीवाल्याला देऊन टाकली. त्याला रिकामी हवी होती. म्हणून जे दोन वर्षांत बसवलं होतं, ते त्यांनी स्वतः दोन दिवसांत उतरवलं. स्क्रू एकेक करून टोस्टच्या जुन्या डब्यात भरले. पडदे धुऊन, घडी घालून माझ्या हातात दिले. “तुह्या साड्या हायेत,” म्हणाले. लोकांनी विचारलं तर सांगायचे, “गाडीतच खोट होती. हिले सोसत नोहती.” त्यानंतर त्यांनी हत्यारांची पेटी उघडलेली मी बघितली नाही. घरचा नळ गळला तरी प्लंबर येतो.

त्यानंतर दोन धोंडे येऊन गेले. जावयाला वाण दिलं, अनारसे तळले. विहीणबाई अजूनही त्या जागेची आठवण काढतात. प्रीती म्हणते, आईला गाडी लागते ना, नाहीतर किती फिरले असते दोघं. मी मान हलवते.

मी दुखावले होते, हे खरं आहे. त्यांनी माझी जागा दुसऱ्यांना दाखवली, माझा डबा दुसऱ्यांना खाऊ घातला, आणि मी अजूनही तो फोटो आठवला की तळमळते. पण त्यांनी माझा एक दिवस घेतला होता. मी त्यांची सव्वीस वर्षं घेतली. रोज संध्याकाळी दार उघडून मी त्यांना घरात घ्यायची, ती संध्याकाळ आता त्यांना कशी आठवत असेल? नाक मुरडून, श्वास धरून उभी असलेली बायको — असलंच काहीतरी. तसं एकदाही घडलेलं नाही, आणि हे माहीत असलेली मी एकटी आहे.

निंब मी अजून बघितलेला नाही.

आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी अकोल्याला जातो, प्रीतीकडं. एसटीनं, बडनेऱ्याकडून. दर्यापूरचा रस्ता ते घेत नाहीत, त्याला वळणं जास्त म्हणतात. स्टँडवर कंडक्टरला आधी सांगून माझ्यासाठी पुढची खिडकी धरतात. “हिले गाडी लागते,” सांगतात. बस सुटली की खिशातून लिंबू काढून माझ्या हातात देतात. घरूनच आणलेलं असतं, पुसून. मी ते हुंगत बसते. मूर्तिजापूर येईपर्यंत ते मधूनमधून माझ्याकडं बघतात, बरं आहे ना म्हणून. मी मान हलवते.

आमच्या घरी टोस्ट येत नाहीत. प्रीतीकडं मात्र येतात. तिला लहानपणापासून चहासोबत तेच लागतात. परवा नातीनं बशीत दोन टोस्ट घालून आजोबांपुढं धरले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग कप-बशी उचलली आणि गॅलरीत गेले. मी आतून बघत होते. उभ्याउभ्या, आमच्याकडं पाठ करून, त्यांनी ते चहात बुडवून खाल्ले. बेसिनपाशी जाऊन साबणानं हात धुतले, तोंड धुतलं, टॉवेलनं मिशा पुसल्या. आणि मग माझ्याजवळ येऊन बसले.